बीचं पहिलं पाणी

मागच्या आठवड्यात सुनेनं डबल बीचं पाकीट आणलं. आत एकसारखी, पांढरीशुभ्र, गोबरी बी. पाकिटावर कृतीही छापलेली होती: रात्रभर भिजवा, कुकरच्या तीन शिट्ट्या करा. तिनं तसंच केलं आणि उसळ चांगली झाली. मी दोनदा वाढून घेतली. पण कुकर उघडून तिनं सगळं पाण्यासकट फोडणीत ओतलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलंच, ‘‘अगं, पहिलं पाणी फेकलं नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘कसलं पाणी?’’ तिचा काही दोष नाही. बाजारच्या पांढऱ्या बीत कडूपणा नसतोच म्हणे. पण हा प्रश्न मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा तो ज्यांनी विचारला, ते माझे वडील तेव्हा अकरा वर्षं दर रविवारी डबल बी रांधत होते आणि अर्ध्या देवपुरात त्या भाजीसाठी प्रसिद्ध होते.

आम्ही तेव्हा धुळ्याला देवपुरात राहत होतो. एका ओळीत सहा बिऱ्हाडं, पुढं ओटा, मागं चार पावलांचं परस आणि त्याच्यापलीकडे मातीची भिंत. ओळीच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांचं गाव नरडाण्याकडचं. कचेरीत ते अगदी छापील मराठी बोलायचे आणि घराचा उंबरा ओलांडला की अहिराणीत शिरायचे, राग आला की जरा जास्तच. आई रावेरकडची, केळीच्या बागांमधली. तिची बोली निराळी. लग्नाला अठरा-वीस वर्षं झाली तरी नाना तिच्या ‘हाये’ची नक्कल करायचे आणि ती त्यांच्या ‘शे’कडे कानाडोळा करायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आणि माझा धाकटा भाऊ दिलीप शाळेत. एवढंच आमचं घर. बाकी नानांची थोरली बहीण, आमची अक्का, महिन्या-दोन महिन्यांतून नरडाण्याहून यायची आणि घरात काय काय बिघडलंय ते सांगून परत जायची.

परसातल्या भिंतीवर डबल बीचा वेल होता. त्याची बी आईनं माहेराहून आणलेली. तिच्या वडिलांच्या बागेच्या कुंपणावर असा वेल वर्षानुवर्षं चढलेला असायचा आणि त्याला कोणी ‘लावला’ असं म्हणायचं नाही, तो असायचाच. ती बी पांढरी नव्हती. तिच्यावर जांभळे-तांबडे शिंतोडे असत, होळी खेळून आलेल्या पोरासारखे. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, मग सुपात घेऊन चोळायच्या, पुढच्या वर्षाची मूठभर बी राखेत मिसळून डब्यात ठेवायची आणि उरलेली रविवारसाठी. डबल बी हे नाव शहरातलं. आई नुसतं ‘माह्या माहेरची बी’ म्हणायची, आणि नाना पाहुण्यांना सांगताना ‘आमची बी’ म्हणायचे.

नानांचा रविवारचा स्वयंपाक हा एक सोहळा असायचा. तो शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा, जेव्हा ते खुर्चीत बसून विचारायचे, ‘‘बी भिजवली का?’’ ह्याला ते बी भिजवणं म्हणत. रविवारी सकाळी चहा झाला की पिशवी घेऊन पाच कंदिलाच्या बाजारात जायचे. एक कोथिंबिरीची जुडी, लसूण आणि खोबऱ्याची वाटी आणायला त्यांना दीड तास लागायचा, कारण दर चौथ्या दुकानाशी त्यांची ओळख होती. परत आले की शर्ट खुंटीला, कमरेला पंचा आणि स्टोव्हसमोर उभे. पितळी पंपाच्या स्टोव्हचा तो भर्रर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या आवाजाच्या वर नानांचा आवाज: मीठ. डाव. झाकण. पूजेला बसलेल्या भटजीच्या हातात पळी-पंचपात्र द्यावं तसं आम्ही एकेक वस्तू त्यांच्या हातात द्यायचो. कांदा-खोबरं भाजून ठेवलेलं असायचं, ते आईनं भाजलेलं. वाटण पाट्यावर तयार असायचं, ते मी वाटलेलं. काळा मसाला बरणीत असायचा, तो आईनं उन्हाळ्यात आठ दिवस खपून केलेला. नाना तेल तापवून त्यात हे सगळं एकामागून एक घालायचे, वर भिजवलेली बी घालायचे, आणि ओळीतल्या सहाही घरांना ठसका लागला की समाधानानं मागं सरकायचे. बी अर्ध्या-पाऊण तासात लोण्यासारखी शिजायची. त्याचं त्यांना फार कौतुक. ‘‘मना हातले गुण शे,’’ म्हणायचे. लाल तर्रीच्या त्या रश्श्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चुरायची, बरोबर कांदा. खरं सांगते, आजही त्या चवीची आठवण आली की मला दुसरं काही गोड लागत नाही.

जेवायला कोणी ना कोणी बाहेरचं असायचंच. बहुतेक वेळा कचेरीतले हेडक्लार्क भाऊसाहेब, जे दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि वास आला की यायचे, असं त्यांची बायकोच सांगायची. सगळे जेवून नानांची तारीफ करायचे. नाना स्वतः शेवटी जेवायचे, कारण रांधणाऱ्यानं आधी वाढायचं, हा त्यांचा नियम. हा नियम आई वर्षाचे उरलेले तीनशे दिवस पाळायची. तेव्हा त्याला नियम म्हणत नसत आणि तारीफही नसायची. फार तर ‘मीठ कमी शे’ एवढं ऐकू यायचं.

आता ह्यातली मेख सांगते. रंगाची बी कडू असते. ती नुसती भिजवून भागत नाही. उघड्या पातेल्यात खळखळून उकळायची, फेस आलेलं ते पहिलं पाणी सगळं फेकून द्यायचं, गार पाण्यानं धुवायची, मग भाजी करायची. रावेरकडच्या बायका हे लेकीला भाकरी थापायला शिकवायच्या आधी शिकवतात. लग्नानंतर काही वर्षांनी नानांना ही भाजी करायची हुक्की आली, तेव्हा आईनं त्यांना हे सांगायला एकदा तोंड उघडलं होतं. नाना म्हणाले होते, तू मधीमधी बोलू नको. मग ती बोलली नाही. नाना बाजारात गेले की तिनं बी उकळायची, पाणी मोरीत ओतायचं, वरून दोन तांबे साधं पाणी सोडायचं, बी गार पाण्यात घालून पातेलं होतं तिथं, होतं तसं ठेवायचं. दीड तासानं नाना यायचे आणि भिजवलेली बी समजून अर्धी शिजलेली बी फोडणीला टाकायचे. मी आठवीत असताना एकदा अभ्यासातून मध्येच उठून मागं आले आणि हे पाहिलं. मोरीतून वाफ येत होती. आई म्हणाली, ‘‘कोनाले सांगू नको हां.’’ मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ आमच्या घरातलीच होती.

ह्या मुठीला हात घातला तो भाऊसाहेबांनी, तोही जेवणाच्या भरात. एका संस्थेची बालवाडी आमच्या गल्लीत सुरू व्हायची होती आणि बाई हवी होती. आई सातवी पास होती. तिनं गुपचूप नाव दिलं होतं आणि ते आलंही होतं. पण त्यासाठी पिंपळनेरला महिनाभर राहून शिक्षण घ्यायचं होतं. मध्येच कोणी घरी गेली तर तिचं नाव कापलं जाणार आणि जागा दुसरीला जाणार, असं पत्रातच लिहिलेलं. आईनं ते पत्र देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलं होतं. नानांना विचारायची तिला हिंमत होत नव्हती आणि मुदत संपत आली होती. त्या रविवारी भाऊसाहेब बोटं चाटत म्हणाले, नाना, तुमच्या घरात वहिनी नसल्या तरी चालेल हो. मी भाकरी वाढत होते. माझ्या तोंडून निघालं, ‘‘आईला महिनाभर पिंपळनेरला बोलावलंय, बालवाडीसाठी.’’ आई चुलीशी होती, तिचा हात थांबला. सगळे नानांकडे बघायला लागले. भाऊसाहेब म्हणाले, मग पाठवा की, स्वयंपाकाला तुम्ही आहातच. चारचौघांत नाही म्हणावं तर अकरा वर्षांची कीर्ती जाते. नानांनी तर्रीत भिजलेला डाव खाली ठेवला आणि आईकडे बघून म्हणाले, ‘‘जाय ना. सैपाकमा काय शे? मी करसू बठ्ठं.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आई दुसऱ्याच आठवड्यात साक्रीकडच्या एस.टी.त बसली. तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. स्टँडवर नाना आणि दिलीप पाण्याचा नळ शोधत होते, तेव्हा तिनं खिडकीतून माझा हात धरला आणि घर कसं चालवायचं ह्याबद्दल एक अक्षर न बोलता एवढंच सांगितलं, ‘‘रविवारी पहिलं पानी इसरू नको. अन् तुह्या नानांले कळू देऊ नको.’’

नाना घर चालवीन म्हणाले होते, आणि त्यांच्या मते त्यांनी चालवलंही. मी पहाटे उठून भाकरी टाकायची, भाजी करायची, नळावर नंबर लावायचा, दिलीपची वेणी नव्हती हे नशीब, भांडी घासून धावत कॉलेजात जायचं. नाना जेवताना म्हणायचे, बघ, चाललंय ना सगळं? पहिल्या रविवारी ते बाजारात गेल्यावर मी आईनं सांगितलं तसं सगळं केलं. पाणी फेकलं, बी धुतली, पातेलं जागेवर ठेवलं. भाजी झकास झाली. भाऊसाहेब आले, जेवले, आणि नाना त्यांना मोठ्यानं म्हणाले, ‘‘बघा भाऊसाहेब, ती नाही इथं. चवीत काही फरक?’’ भाऊसाहेब म्हणाले, काडीचाही नाही.

माझ्या हाताला तेव्हा पातेल्याचा चटका बसून फोड आला होता. मी तो फोड बघत बसले. मला नानांचा इतका राग आला की तसा पुढं कधी कोणाचा आला नाही, आणि माझ्या आयुष्यात राग येण्यासारखी माणसं काही कमी आली नाहीत. आठवडाभर मी तो राग भाकरीबरोबर थापत होते. दुसऱ्या रविवारी नाना पिशवी घेऊन बाहेर पडले. मी पुस्तक घेऊन ओट्यावर जाऊन बसले. आत बी भिजलेल्या पाण्यात तशीच पडून होती. मी विसरले नव्हते. कोणी विसरलीस का म्हणून विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, एवढाच काय तो माझा तेव्हाचा धीटपणा.

त्या दिवशी अक्काही आली होती, भाऊसाहेब तर होतेच. बी शिजेना. नाना स्टोव्हला पंप मारून मारून घामाघूम झाले. अर्धा तास, एक तास, दीड तास. म्हणाले, आज बी हट्टी शे. पाहुण्यांनी दोनदा चहा घेतला. शेवटी ती शिजली आणि पानं वाढली. पहिला घास घेतल्यावर भाऊसाहेबांचा चेहरा जसा झाला तसा मी फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मुलांचा झालेला पाहिलाय. पण यजमान समोर डाव घेऊन उभे. ते म्हणाले, आज काहीतरी वेगळंच झालंय. हे खरं होतं. मग त्यांनी पाणी मागितलं, मग परत पाणी मागितलं, आणि नाना वाढायला आले तेव्हा ‘थोडीच, थोडीच’ म्हणत आणखी घेतली. दिलीपनं सगळी भाजी भाकरीखाली लपवली. पाहुण्याच्या पानात उरलं तर यजमानाचा अपमान, म्हणून खान्देशी माणूस विषही पुसून खाईल. आता हे मी गमतीनं लिहितेय. पण पुढं माझ्या डॉक्टर भाच्यानं सांगितलं, की रंगाची बी पाणी न फेकता पोटभर खाल्ली तर खरंच बाधते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कचेरीत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, हे माझं नशीब.

खरं बोलली ती अक्का. दोन घास खाल्ले, ताट पुढं सारलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘नाना, दाना कडू शे रे.’’ नानांनी डावातला रस्सा तळहातावर घेऊन चाखला. ते खाली बसले. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं, आणि गंमत म्हणजे मला ते आवडलं नाही. पण अक्का त्यांना असं उघडं कसं पडू देईल? तिनं हात धुतले आणि निकाल दिला, ‘‘घरनी लक्ष्मी घरमा नही, म्हनीसन दाना कडू व्हयना. तिले बलाय ले.’’ नानांनी मान वर केली. आपलं काही चुकलं असण्यापेक्षा घरातली लक्ष्मी बाहेर गेल्यानं दाणा कडू झाला असणं त्यांना परवडण्यासारखं होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात पोस्टकार्ड दिलं. जाताना पेटीत टाक म्हणाले. मी गल्लीच्या टोकाला पेटीशी उभी राहून ते वाचलं. ‘पत्र लिहिण्यास कारण की, तू गेल्यापासून घरात अन्नाला चव नाही. कालची बी कडू निघाली. अक्का म्हणते ते खरे वाटते. मुलांचे हाल पाहवत नाहीत. पत्र मिळताच निघून यावे.’ नानांनी आईला एरवी लिहिलेली पत्रं सगळी ‘सामान आणण्याबाबत’ असत. ह्यात ‘घरात अन्नाला चव नाही’ हे एक वाक्य होतं, आणि ते त्यांनी मनापासून लिहिलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. ते वाचून आई दुसऱ्याच एस.टी.नं आली असती. मी नानांना धडा शिकवायला गेले होते आणि फी आईच्या नावावर पडत होती. मी कार्ड पुस्तकात ठेवलं. कॉलेजात त्या दिवशी काय शिकवलं ते मला माहीत नाही.

दुपारी घरी आले तर दाराच्या फटीतून आत एक कार्ड सरकवलेलं. आईचं, माझ्या नावावर. तिचं अक्षर मोठं होतं, म्हणून कार्डात फार मावत नसे. तिनं लिहिलं होतं, ‘इथे सगळ्या बायका गोल करून गाणी म्हणतो आणि बेडकासारख्या उड्या मारतो. माझी उडी सगळ्यांत उंच जाते. बाई म्हणाल्या तुम्ही पहिल्या याल. रात्री पाय दुखतात. नानांना सांगू नको.’ पोस्टकार्डावर. म्हणजे पोस्टमननं वाचलं असणार, पिंपळनेरच्या पोस्टातही वाचलं असणार. साऱ्या जिल्ह्याला कळलं तरी चालेल, नानांना नको. चाळिशीची माझी आई उंच उडी मारतेय असं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मला रडू आलं.

संध्याकाळी नाना कचेरीतून आले, पाय धुऊन खुर्चीत बसले. मी त्यांचं कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, ‘‘नाना, बी कडू निघाली नाही. मी पहिलं पाणी फेकलं नव्हतं.’’

नानांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘कसलं पाणी?’’

मी सांगितलं. उकळी, फेस, मोरी, दोन तांबे, दीड तासाचा बाजार, सगळं. मुद्दाम केलं हेही सांगितलं. एक थप्पड बसेल असं वाटत होतं आणि बसली असती तर बरं झालं असतं. स्टोव्हवर चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही. मग त्यांनी विचारलं, दर रविवारी? मी म्हटलं, दर रविवारी. सुरुवातीपासून? मी मान हलवली. ते उठून परसात गेले आणि वेलापुढे उभे राहिले, जणू त्यानं तरी सांगायला हवं होतं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज कचेरीतला होता. किती वेळ उकळायची, पाणी किती, झाकण ठेवायचं की नाही, असं एकेक विचारलं. मी म्हटलं, झाकण नाही ठेवायचं. त्यांनी मान डोलावली. टेबलावरचं पोस्टकार्ड उचललं, त्याची चौपदरी घडी घातली, वाकून स्टोव्हच्या आखूड पायाखाली सरकवली आणि स्टोव्ह हलवून पाहिला. तो बरेच दिवस डुगडुगत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तिले सांगू नको.’’

पुढच्या दोन्ही रविवारी त्यांनी मला भल्या सकाळी नळावर पाठवलं. ओळीत उभी असताना मला आमच्या स्टोव्हचा आवाज येत होता. मी हंडा घेऊन घरी आले की ते पिशवी घेऊन बाजाराला निघालेले असायचे आणि बी गार पाण्यात, पातेलं जागेवर. भाऊसाहेब त्यातल्या दुसऱ्या रविवारी आले, जरा बिचकतच आले, पण आले. जेवून म्हणाले, आता परत पहिल्यासारखी. नानांनी ह्या वेळी हाताच्या गुणाबद्दल काही सांगितलं नाही.

आई प्रमाणपत्र घेऊन आली. खरंच पहिली आली होती. नानांनी तो कागद वाचताना चष्मा दोनदा पुसला आणि ‘शिक्का बरोबर शे’ म्हणाले. तो रविवार आला. आई नळावर गेली तेव्हा घरात स्टोव्ह भर्रर्र करून गेला, आणि मी चादर डोक्यावर ओढून घेतली. नाना बाजाराला गेल्यावर आई पातेल्याशी आली. तिनं एक दाणा काढून अंगठ्याखाली दाबला. स्टोव्हला हात लावला. मग मला विचारलं, ‘‘तू केलं का?’’ एका कानात ‘तुह्या नानांले कळू देऊ नको’ आणि दुसऱ्या कानात ‘तिले सांगू नको’. मी म्हटलं, हो, मीच केलं. ती बरं म्हणाली, आणि तुझा काय भरवसा असं पुटपुटत बी परत उकळायला ठेवली. दुपारी ती भाजी इतकी मऊ झाली की दाणा शोधावा लागत होता. भाऊसाहेब म्हणाले, आज तर कळसच झाला.

तेव्हापासून आमच्या घरी डबल बी दोनदा उकळली जाऊ लागली. आधी नाना, मग आई, आणि मध्ये मी दोघांच्या वतीनं खोटं बोलणारी. माझं लग्न होऊन मी जळगावला गेल्यावर हे काम दिलीपकडे गेलं असावं. आई बालवाडीत वीसेक वर्षं गेली आणि देवपुरातली निम्मी पोरं तिच्यामागं बेडूकउड्या मारून मोठी झाली. वेल मात्र त्याच उन्हाळ्यात खालपासून वाळत गेला. नाना म्हणाले, ऊन फार शे यंदा. आईही म्हणाली, हो, ऊन जास्तच हाये. पावसाळ्यात तिनं राखेतली बी काढून भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवा वेल लावला आणि मागच्या दाराशी एक जुनी बादली आणून ठेवली. ती कशाला, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय सगळ्यांनाच लागली होती.

नाना गेल्यावर दोन-तीन वर्षांनी मी आईकडे राहायला गेले होते. ती सुपात बी निवडत होती. तिचे हात आता थरथरायचे, पण शिंतोड्यांची बी ती न बघताही ओळखायची. मला वाटलं, आता कोणाला लपवायचं? मी तिला सगळं सांगितलं. कडू रविवार, पोस्टकार्ड, नानांचं पाणी. ती निवडायची थांबली नाही. म्हणाली, ‘‘अवो बाई, तू पानी मोरीत ओतलं असतं. वेलाच्या बुडाशी उकळतं पानी तुह्या नानाशिवाय कोन ओतनार? तवाच तर दाराशी बादली ठेवली.’’

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? वर दुसऱ्यांदा उकळत राहिलीस.

‘‘दुसऱ्यांदा उकळली नसती तर त्याहिले समजलं असतं, की मले ठाव हाये. मंग त्याहिनं पुढच्या रविवारी पानी फेकलं असतं का?’’

सुपातला एक किडका दाणा तिनं बाजूला काढला. मी विचारलं, आणि ते कार्ड? तेही पाहिलंस? ती म्हणाली, आल्या दिवशीच, स्टोव्ह पुसताना. उघडून वाचलं, पहिली ओळ दोनदा वाचली. मी म्हटलं, मग काढून नीट ठेवायचंस की गं, नानांनी तुला तसं दुसरं कधी लिहिलं का?

‘‘नाही लिहिलं,’’ आई म्हणाली. ‘‘पन काढलं असतं तर स्टोव्ह डुगडुगला असता.’’